ग्रंथपाल रंगनाथन

ग्रंथ राखणें व ग्रंथ वाचकांच्या हातीं देणें यांतील भेद ज्यांनीं आपल्या देशास शिकविला, त्या शियाळी रामामृत रंगनाथन यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म १८९२ सालीं तंजावर जिल्ह्यांत झाला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजांत शिकून ते गणिताचे अध्यापक झाले. १९२४ सालीं मद्रास विद्यापीठानें त्यांस ग्रंथपाल नेमिलें. परंतु त्या निवांत जागीं त्यांचें मन रमेना, व ते अध्यापनाकडे परतूं पाहूं लागले. पुढें इंग्लंडांत शिक्षणासाठीं गेले असतां तेथील ग्रंथालयें सर्व थरांतील लोकांची सेवा करितात हें त्यांनीं पाहिलें, आणि त्यांचें मत पालटलें.

विद्यार्थ्याचा प्रश्न पुष्कळदां अर्धवट असतो. तो समजून घेऊन योग्य ग्रंथ त्यास मिळवून देणें व त्याचा वेळ वांचविणें हा ग्रंथपालाचा धर्म होय, अशी त्यांची शिकवण होती. ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम सांगणारा त्यांचा ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. १९७२ सालीं ते निवर्तले.

प्रारंभीं न रुचलेलें कामच त्यांच्या कीर्तीस कारण झालें, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. आणि मनांत आलेला प्रश्न क्षुल्लक समजून दडवूं नये, अशी आमची त्यांस सूचना आहे.