शाकारणीच्या हक्कासाठी लढलेले कामगार नेते : शंकर गुहा नियोगी

दुर्ग, २८ सप्टेंबर : पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी प्रत्येकी शंभर रुपये मिळावेत, या मागणीने १९७७ साली छत्तीसगडच्या लोहखनिज खाणींमध्ये एका मोठ्या चळवळीला प्रारंभ झाला. त्या चळवळीचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटेच्या सुमारास भिलाई येथे झोपेत गोळी घालून हत्या करण्यात आली. या दोन घटनांमधील अवघ्या चौदा वर्षांत नियोगी यांनी कामगार संघटनेच्या कार्याची व्याप्तीच बदलून टाकली. वेतन आणि बोनस यांच्या जोडीला निवारा, आरोग्य, शिक्षण, जंगल आणि पाणी हेही संघटनेचे विषय आहेत, असा त्यांचा आग्रह होता. औद्योगिक नगर नेमके कोणासाठी वसवले जाते, हा प्रश्न त्यांनी आपल्या जीवनकार्यातून देशापुढे ठेवला.

या प्रश्नाला दुर्ग जिल्ह्याची विशिष्ट पार्श्वभूमी होती. १९०६ मध्ये स्थापन झालेला हा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होता. त्यानंतर तो मध्य प्रदेशात आणि २००० पासून छत्तीसगड राज्यात समाविष्ट झाला. शिवनाथ नदीच्या खोऱ्यातील भातशेतीचा हा प्रदेश. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखाना उभारण्याचे ठरले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. शेताच्या बांधांवरून काही वर्षांतच एक आधुनिक नगर उभे राहिले. सेक्टरांमध्ये आखलेली वसाहत, रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, पक्की घरे, शाळा आणि रुग्णालय अशी त्याची रचना होती. मात्र या सोयी प्रामुख्याने कायम कर्मचाऱ्यांसाठी होत्या. कारखान्याच्या पायाची माती उपसणारे, विटा वाहणारे आणि खाणीत खनिज फोडणारे कंत्राटी मजूर नगराच्या कडेला, झोपड्यांच्या वस्त्यांतच राहिले.

नियोगी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९४३ रोजी एका निम्न मध्यमवर्गीय बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव धीरेश. त्यांचे बालपण आसाममध्ये आणि आसनसोलच्या कोळसा खाणींच्या परिसरात गेले. खाणकामगारांचे जीवन त्यांनी लहान वयातच जवळून पाहिले होते. जलपाईगुडी येथे शिकत असताना ते विद्यार्थी चळवळीत ओढले गेले. साठच्या दशकाच्या आरंभी ते भिलाईला आले आणि पोलाद कारखान्याच्या कोक भट्टी विभागात कामगार म्हणून रुजू झाले. त्या धगीच्या कामातच त्यांची संघटक म्हणून जडणघडण झाली. कामगारांच्या संपातील सहभागामुळे दशकाच्या अखेरीस त्यांना नोकरी गमवावी लागली.

नोकरी सुटल्यावर ते परत बंगालला गेले नाहीत. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून फिरत, मिळेल ते काम करत त्यांनी इथल्या शेतकऱ्याचे आणि आदिवासींचे जगणे समजून घेतले, छत्तीसगढी भाषा आत्मसात केली. दानीटोला येथील क्वार्टझाइटच्या खाणीत त्यांनी शंकर या नावाने मजुरी केली आणि पुढे तेच नाव त्यांची ओळख झाले. तेथील आशा या आदिवासी तरुणीशी त्यांनी विवाह केला. आणीबाणीच्या काळात त्यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली तुरुंगवास भोगावा लागला.

दल्ली-राजहरा हे त्यांच्या कार्याचे मुख्य केंद्र. भिलाईच्या दक्षिणेस डोंगराळ भागात असलेल्या या खाणींतून भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवले जाई. हातखाणीत हजारो कंत्राटी मजूर राबत आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. पुरुष आणि स्त्रिया जोडीने खनिज फोडत, वेचत आणि वाहनांत भरत. काम एकाच कारखान्यासाठी असूनही कायम आणि कंत्राटी कामगारांच्या मोबदल्यात मोठी तफावत होती. बोनसच्या प्रश्नावरून ही विषमता उघड झाली, तेव्हा आधीच्या संघटनांवर नाराज झालेल्या मजुरांनी मार्च १९७७ मध्ये छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाची स्थापना केली. नेतृत्वासाठी त्यांनी नियोगी यांना दल्ली-राजहऱ्यात आणले.

संघटनेच्या पहिल्या मागण्यांपैकी दोन विशेष महत्त्वाच्या होत्या. मजूर कामावर हजर असूनही कंत्राटदाराने काम दिले नाही, तर त्या दिवसाचे वेतन मिळावे, ही एक. पावसाळ्यापूर्वी झोपडीच्या दुरुस्तीसाठी शंभर रुपये मिळावेत, ही दुसरी. मातीच्या भिंती, बांबू आणि लाकडाच्या बल्ल्या, वर कवेलू किंवा गवत, असे तेथील मजुराचे घर असे. अशा घराची दरवर्षी मृगापूर्वी शाकारणी करावीच लागते. बांबू बदलले नाहीत तर छप्पर खचते, भिंती भिजून ढासळतात आणि ऐन पावसात संसार उघड्यावर येतो. विदर्भ आणि कोकणातील शेतमजुरालाही ही चिंता परकी नाही. ज्या मजुरांच्या श्रमावर पोलादाचे नगर उभे होते, त्यांच्या छपराची जबाबदारी त्या उद्योगानेही उचलली पाहिजे, हा या छोट्या दिसणाऱ्या मागणीमागचा मोठा विचार होता.

मे १९७७ च्या अखेरीस या मागण्यांवर समझोता झाला. परंतु प्रत्यक्ष पैसे देण्याची वेळ आली तेव्हा कंत्राटदारांनी नकार दिला आणि मजुरांनी पुन्हा काम थांबवले. २ जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगी यांना अटक केली. त्यांच्या सुटकेसाठी मजुरांनी पोलिसांच्या एका तुकडीला वेढा घातला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारात अकरा जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये अनसूयाबाई ही मजूर स्त्री आणि सुदामा हा लहान मुलगाही होता. एवढी किंमत मोजूनही मजूर मागे हटले नाहीत. संप सुरूच राहिला आणि अखेर मागण्या मान्य कराव्या लागल्या. दल्ली-राजहऱ्यात ३ जून हा दिवस तेव्हापासून शहीद दिन म्हणून पाळला जातो.

या विजयानंतर मजुरीत वाढ होत गेली, तसा एक नवा प्रश्न पुढे आला. वाढलेला पैसा दारूच्या गुत्त्यांकडे वळू लागला. नियोगी यांनी संघटनेमार्फत दारूबंदीची मोहीम हाती घेतली आणि स्त्रियांनी ती घरोघरी पोहोचवली. हजारो मजुरांनी दारू सोडली. हितसंबंध दुखावल्याने या मोहिमेला विरोधही तीव्र झाला. १९८१ मध्ये नियोगी यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली पुन्हा तुरुंगात जावे लागले.

संघर्ष आणि निर्माण ही नियोगी यांच्या कार्याची दोन सूत्रे मानली जातात. केवळ मागणी करणारी संघटना लवकर थकते आणि केवळ सेवाकार्य करणारी संघटना मूळ अन्याय विसरते, म्हणून दोन्ही कामे एकमेकांच्या आधाराने चालली पाहिजेत, अशी त्यांची धारणा होती. संघटनेने आरोग्य, शिक्षण, संस्कृती, क्रीडा, नशाबंदी असे निरनिराळे विभाग निर्माण केले. मजुरांच्या मुलांसाठी प्राथमिक शाळा काढण्यात आल्या. वाहन दुरुस्तीसाठी शहीद गॅरेज उभे राहिले आणि मजुरांच्या मुलांना तेथे हातचा धंदा शिकता आला.

या निर्माणकार्याचे सर्वांत ठळक प्रतीक म्हणजे शहीद रुग्णालय. संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई यांचे १९७९ मध्ये प्रसूतीच्या वेळी पुरेशा उपचारांअभावी निधन झाले. या घटनेने मजुरांना स्वतःचे रुग्णालय असण्याची निकड जाणवली. नियोगी यांच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन देशाच्या विविध भागांतून तरुण डॉक्टर दल्ली-राजहऱ्यात आले. २६ जानेवारी १९८२ रोजी संघटनेच्या जागेत दवाखाना सुरू झाला आणि ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराच्या सहाव्या स्मृतिदिनी, पंधरा खाटांचे रुग्णालय खुले झाले. उद्घाटन एका ज्येष्ठ खाणमजुराच्या आणि एका ज्येष्ठ शेतकऱ्याच्या हस्ते करण्यात आले. इमारतीसाठी बाहेरच्या देणगीदारांपुढे हात पसरण्यात आला नाही. मजुरांनी वर्गणी काढली आणि खाणीतील पाळी संपल्यावर श्रमदान केले. खाणमजुरांमधूनच आरोग्य कार्यकर्ते तयार झाले. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी देण्यासारख्या साध्या उपचारांची माहिती वस्त्यांत पोहोचवण्यात आली. स्वच्छ पाणी आणि सांडपाण्याचा निचरा यांचा आजाराशी असलेला संबंध लोकांना समजावण्यात आला. त्यामुळे रुग्णालयाचे काम त्याच्या चार भिंतींत न राहता वस्तीच्या आरोग्याशी जोडले गेले.

यंत्रांच्या बाबतीतही नियोगी यांची भूमिका विचारपूर्वक होती. दल्लीच्या हातखाणींचे पूर्ण यांत्रिकीकरण करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हजारो मजुरांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, रोजगारावर गदा येणार हे स्पष्ट झाले. संघटनेने नुसता विरोध न करता अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय तयार केला. यंत्रांच्या मदतीने उत्पादन आणि खनिजाचा दर्जा वाढवावा, पण माणसांची छाटणी करू नये, असा त्याचा आशय होता. तंत्रज्ञानाची निवड ही केवळ अभियंत्यांची बाब नसून ज्यांच्या जगण्यावर तिचा परिणाम होतो त्यांचीही आहे, हे या पर्यायाने दाखवून दिले.

१९७९ मध्ये स्थापन झालेल्या छत्तीसगड मुक्ती मोर्चाने खाणमजूर आणि शेतकरी यांना एकत्र आणले. मोर्चाच्या लाल-हिरव्या झेंड्यातील लाल रंग कामगारांचा आणि हिरवा शेतकऱ्यांचा होता. १८५७ च्या उठावातील आदिवासी नेते वीर नारायण सिंह यांची विस्मृतीत गेलेली स्मृती या चळवळीने पुन्हा लोकांसमोर आणली. खाणीच्या लाल मातीने नापीक होणारी शेते, घटत जाणारे जंगल आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित होणाऱ्या नद्या यांविषयी नियोगी यांनी लेखन केले. कामगाराची भाकरी आणि निसर्गाचे रक्षण यांत विरोध नाही, अशी त्यांची मांडणी होती. संघटनेच्या कार्यालयामागे स्थानिक वृक्षांची लागवड करून आपले जंगल ओळखण्याचा उपक्रम त्यांनी सुरू केला. पर्यावरणाचा विचार शहरी परिसंवादांपुरता मर्यादित असण्याच्या काळात एका कामगार संघटनेने हे काम हाती घेतले होते.

१९९० मध्ये नियोगी यांनी पुन्हा भिलाईकडे लक्ष वळवले. पोलाद कारखान्याभोवती खासगी उद्योगांचे मोठे जाळे तयार झाले होते आणि नगर झपाट्याने वाढत होते. या उद्योगांत अनेक वर्षे काम करूनही हजारो कामगार कंत्राटीच राहिले होते. जगण्यापुरते वेतन, कायम नोकरी आणि कामाच्या ठिकाणी सुरक्षितता या त्यांच्या मागण्या होत्या. संघटनेत सामील झालेल्या अनेकांना कामावरून कमी करण्यात आले. १९९१ च्या आरंभी नियोगी यांना सुमारे दोन महिने तुरुंगात ठेवण्यात आले. सप्टेंबरमध्ये त्यांनी कामगारांसह दिल्लीला जाऊन राष्ट्रपती रामस्वामी व्यंकटरमण यांना निवेदन दिले. आपल्या जिवाला धोका असल्याची जाणीव त्यांना होती आणि तसे त्यांनी ध्वनिमुद्रित करूनही ठेवले होते. दिल्लीहून परतल्यावर काही दिवसांतच भिलाईच्या हुडको वसाहतीतील घरात, खिडकीतून झाडलेल्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. त्या वेळी ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. दल्ली-राजहऱ्यात त्यांना अखेरचा निरोप देण्यासाठी हजारो कामगार आणि शेतकरी लोटले होते.

त्यांच्यानंतरही आंदोलन थांबले नाही. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाऊस स्थानकाजवळ रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर झालेल्या गोळीबारात डझनभराहून अधिक आंदोलकांना प्राण गमवावे लागले. नियोगी यांच्या हत्येच्या खटल्यात दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये काही उद्योजकांसह आरोपींना दोषी ठरवले. मात्र उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्या आरोपीला जन्मठेप सुनावली आणि इतरांची मुक्तता कायम ठेवली.

नियोगी नगररचनाकार नव्हते आणि त्यांनी कोणत्याही शहराचा आराखडा काढला नाही. तरीही वाढत्या औद्योगिक नगरांसमोरील मूलभूत प्रश्न त्यांनी अचूक ओळखला होता. आज नागपूर, पुणे आणि मुंबईच्या बांधकामांवर छत्तीसगडमधून आलेली असंख्य कुटुंबे राबत असतात. इमारत पूर्ण झाली की त्यांचे पत्र्याचे छप्पर उतरवले जाते आणि संसार पुढच्या बांधकामाकडे निघतो. शहर उभारणाऱ्या हातांचा निवारा शहराच्या खर्चात धरला जावा, ही १९७७ ची मागणी या कुटुंबांच्या बाबतीत अजून अपुरीच आहे.

दल्ली-राजहरा २०१२ पासून बालोद जिल्ह्यात आहे. मजुरांच्या श्रमदानातून उभ्या राहिलेल्या शहीद रुग्णालयाच्या खाटा पुढे शंभरावर गेल्या आणि परिसरातील गावांमधून रुग्ण तेथे अल्प खर्चातील उपचारांसाठी येत राहिले. ज्यांच्या झोपडीच्या शाकारणीसाठी शंभर रुपये मागावे लागले, त्याच मजुरांनी बांधलेली ही पक्की वास्तू आहे.