कान्होजी आंग्रे

कान्होजी तुकोजी आंग्रे (इ.स. १६६९ – ४ जुलै, इ.स. १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल होते. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे तीस वर्षे त्यांनी कोकण किनाऱ्यावरील मराठ्यांचा सागरी अधिकार राखला. मुंबईचे इंग्रज, गोवा व वसईचे पोर्तुगीज, जंजिऱ्याचे सिद्दी आणि डच या सर्व आरमारी सत्तांशी त्यांचा संघर्ष झाला. कोकणच्या समुद्रात जहाजांना परवाना देण्याचा हक्क कोणाचा, हा या संघर्षाचा मूळ मुद्दा होता.

पार्श्वभूमी

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून अरबी समुद्रात परवान्याची पद्धत रूढ केली होती. त्यांचा परवाना नसलेले जहाज ते जप्त करीत. पुढे इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी हेही आपापले परवाने देऊ लागले. छत्रपती शिवाजी महाराजांनी आरमार उभारून या मक्तेदारीला आव्हान दिले. इ.स. १६७९ मध्ये त्यांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले, तेव्हा इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. परंतु लहान मराठी होड्या रात्रीच्या वेळी बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या व अखेर बेट मराठ्यांकडेच राहिले. त्यानंतर सिद्दीने शेजारच्या उंदेरी बेटाचा ताबा घेतला. परस्परांच्या तोफांच्या माऱ्यात असलेली ही दोन बेटे पुढील अनेक दशके वादग्रस्त सागरी हद्दीची खूण ठरली.

प्रारंभिक जीवन

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ असून पुणे प्रांतातील आंगरवाडी या गावावरून त्यांना आंग्रे हे नाव पडले, असे मानले जाते. कान्होजींचे वडील तुकोजी हे मराठ्यांच्या आरमारी सेवेत होते. कान्होजींचे बालपण हर्णैजवळील सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. या किल्ल्याचा किल्लेदार सिद्दीस फितूर झाला असता तरुण कान्होजींनी पुढाकार घेऊन किल्ला वाचविला, अशी परंपरागत हकिकत आहे. आरमारप्रमुख सिधोजी गुजर यांच्यानंतर, इ.स. १६९८ च्या सुमारास, आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. मोगलांशी चाललेल्या दीर्घ युद्धामुळे घाटावरील राज्य तेव्हा विस्कळीत झाले होते; किनारा सांभाळण्याची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे त्यांच्यावर पडली.

सातारा दरबार आणि इ.स. १७१४ चा तह

इ.स. १७०८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. या काळात कान्होजी ताराबाईंच्या पक्षात होते. इ.स. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठविले. परंतु कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले आणि घाटमाथ्यावरील किल्ले घेतले. त्यानंतर पेशवेपदी आलेले बाळाजी विश्वनाथ हे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे होते. त्यांनी युद्धाऐवजी वाटाघाटींचा मार्ग स्वीकारला. इ.स. १७१४ मध्ये झालेल्या तहानुसार कान्होजींनी बहिरोपंतांना मुक्त केले, शाहू महाराजांचे स्वामित्व मान्य केले व राजमाची वगळता जिंकलेली ठाणी परत दिली. त्यांना सरखेलपद, दहा किल्ले, सोळा लहान कोट व त्यांखालील गावे मिळाली. या तहामुळे सातारा दरबारास आरमार मिळाले आणि आरमारास घाटावरील घोडदळाचा पाठिंबा मिळाला.

सिद्दी आणि दाभोळची खाडी

घाटमाथ्याच्या दृष्टीने या समझोत्यास व्यावहारिक महत्त्व होते. कऱ्हाडाहून कोयनेच्या काठाने पाटण, तेथून हेळवाक आणि कुंभार्ली घाटाने चिपळूण हा देश आणि कोकण यांना जोडणारा जुना मार्ग आहे. त्याचे समुद्राकडील टोक वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, दाभोळच्या खाडीत येते. या खाडीवरील अंजनवेल व गोवळकोट ही ठाणी त्या काळी सिद्दीच्या ताब्यात होती. त्यामुळे पाटण खोऱ्यातून उतरणारा घाट मराठ्यांच्या राज्यात आणि त्याखालील खाडीचे तोंड सिद्दीच्या हाती, अशी स्थिती होती.

या तणावाचे एक उदाहरण इ.स. १७२७ मध्ये घडले. चिपळूणजवळील परशुराम क्षेत्री राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी यांचा सावनूरहून येणाऱ्या हत्तीवरून वाद निर्माण झाला. हा हत्ती आंग्र्यांच्या लोकांनी अडविल्यावर त्यामागे स्वामींचाच हात असल्याचा संशय सिद्दी सात याने घेतला व परशुराम क्षेत्रावर हल्ला केला. कान्होजींनी हत्ती परत केला. तथापि स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळील धावडशी येथे राहावयास गेले.

दस्तकाचा वाद आणि इंग्रज

कान्होजींनी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना दस्तक घेणे बंधनकारक केले. दस्तक नसलेली जहाजे पकडून त्यांवरील माल जप्त केला जाई. मुंबईच्या इंग्रजांनी हा हक्क मान्य केला नाही व त्यांना चाचे ठरविले. प्रत्यक्षात ते मराठा राज्याचे नियुक्त अधिकारी होते आणि त्यांची दस्तकपद्धती पोर्तुगीज व इंग्रज यांच्या परवानापद्धतीहून तत्त्वतः वेगळी नव्हती.

इ.स. १७१२ च्या अखेरीस कान्होजींच्या आरमाराने मुंबईचे गव्हर्नर विल्यम एस्लाबी यांचे सशस्त्र गलबत पकडले. या झटापटीत कारवार वखारीचा प्रमुख ठार झाला. त्याच्या पत्नीची सुटका ३०,००० रुपयांच्या खंडणीनंतर झाली. इ.स. १७१३ मध्ये उभय पक्षांत समेट झाला. तथापि हिंदी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली जात असल्यास त्यास दस्तक लागते की नाही, हा प्रश्न अनिर्णित राहिला आणि त्यावरूनच पुन्हा वितुष्ट आले.

इ.स. १७१५ च्या अखेरीस आलेले गव्हर्नर चार्ल्स बून यांनी मुंबईची तटबंदी व आरमार वाढविले. इंग्रजांनी इ.स. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, इ.स. १७१८ मध्ये खांदेरीवर आणि इ.स. १७२० मध्ये तरंगता तोफखाना घेऊन पुन्हा विजयदुर्गावर हल्ला केला. हे तिन्ही प्रयत्न अयशस्वी ठरले.

कुलाब्यावरील संयुक्त मोहीम

डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर मोहीम काढली. इंग्लंडच्या राजाच्या आरमाराचे कमोडोर टॉमस मॅथ्यूज त्यांच्या युद्धनौकांसह या मोहिमेत होते. कुलाबा किल्ला समुद्रातील खडकावर असून ओहोटीच्या वेळी त्याच्याकडे पायी जाता येते. त्यामुळे हल्ला जमिनीच्या बाजूने झाला. शाहू महाराजांनी पिलाजी जाधव व पेशवे बाजीराव यांना घोडदळासह मदतीस पाठविले. हल्ला फसला, मॅथ्यूज जखमी झाले आणि दोन्ही मित्रपक्षांत बेबनाव झाला. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांस वगळून मराठ्यांशी स्वतंत्र तह केला. इ.स. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर केलेला हल्लाही निष्फळ ठरला.

आरमार आणि युद्धपद्धती

आंग्र्यांच्या आरमारात गुराब व गलबत हे दोन प्रमुख प्रकार होते. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, उथळ तळाचे व नाळेवर तोफा असलेले जहाज असे. गलबत त्याहून लहान असून ते चाळीस ते पन्नास वल्ह्यांनी चालविले जाई. वारा पडला म्हणजे युरोपीय जहाजे जागीच अडकत. अशा वेळी गलबते गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीस नेत. मोठी जहाजे पाठलागावर आल्यास हे आरमार खाडीत किंवा किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयाला जाई. खोल समुद्रातील समोरासमोरची लढाई मात्र ते शक्यतो टाळीत असे.

मृत्यू व वारसा

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबाग येथे आहे. त्यांच्यामागे सेखोजी सरखेल झाले. इ.स. १७३३ मध्ये सेखोजींच्या मृत्यूनंतर भावांत तंटा होऊन आंग्र्यांची सत्ता विभागली गेली. कुलाबा मानाजींकडे, तर सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग संभाजी आणि नंतर तुळाजी यांच्याकडे राहिले. तुळाजी व पेशवे यांच्यात वैर आल्यावर इ.स. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि इ.स. १७५६ मध्ये विजयदुर्ग पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त कारवाईत पडले. विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळाले. इ.स. १७१४ च्या तहाने दरबार व आरमार यांची जी एकजूट साधली होती, ती अशा रीतीने संपुष्टात आली. कुलाबा संस्थान इ.स. १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले.

स्मृती

भारतीय नौदलाच्या मुंबई येथील तळास इ.स. १९५१ मध्ये आयएनएस आंग्रे हे नाव देण्यात आले. खांदेरी बेटासही कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले असून तेथील दीपगृह आजही मुंबई बंदराकडे येणाऱ्या जहाजांना मार्ग दाखविते.