'दो आँखें बारह हाथ'ची गोष्ट आपल्या आटपाडीची, लिहिली माडगुळ्याच्या गदिमांनी

आटपाडी : 'दो आँखें बारह हाथ' म्हटलं की व्ही. शांताराम आठवतात. सहा कैदी आठवतात, खेळणी विकणारी संध्या आठवते. पण ही गोष्ट लिहिली कुणी, हे विचारलं तर दहातले आठ जण गप्प बसतात. ती लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे गदिमांनी. आणि गोष्टीचं मूळ मुंबईत नाही, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरात आहे.

गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, शेटफळ्याचा. मूळ गाव माडगुळे. जन्मल्या जन्मल्या बाळ हालेना, रडेना, म्हणून पुरायची तयारी झाली होती आणि सुईणीने निखाऱ्याचा चटका दिल्यावर ते रडलं, असं सांगतात. वडील औंध संस्थानात साध्या नोकरीवर, पगार तुटपुंजा, खाणारी तोंडं जास्त. शाळा आटपाडी, कुंडल, औंध अशी फिरत झाली. मॅट्रिकला गणितानं घात केला आणि शिक्षण तिथंच थांबलं. पण शाळेबाहेरचं शिक्षण चालूच होतं. देवळातली भजनं, कीर्तनं, ओव्या, तमाशातल्या लावण्या, सगळं कानात साठत होतं. पुढं बेचाळीसच्या चळवळीत कुंडलचे शाहीर शंकरराव निकम यांच्यासाठी त्यांनी पोवाडेही लिहून दिले.

१९३८ च्या सुमारास हा मॅट्रिक नापास पोरगा कोल्हापूरला गेला. तेव्हा कोल्हापूर म्हणजे सिनेमाचं गाव. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्समध्ये शिरकाव झाला. 'ब्रह्मचारी'त बारकं काम मिळालं. पडद्यावर दिसण्यापेक्षा मोठा फायदा झाला तो वि. स. खांडेकरांकडे लेखनिक म्हणून बसल्याचा. खांडेकर सांगायचे, यांनी उतरवून घ्यायचं. ऐकायला हे कारकुनी काम वाटतं. पण प्रसंग कुठं सुरू करायचा, कुठं तोडायचा, कोणत्या वाक्यावर पात्राला उठवायचं, हे रोज हाताखालून जात असेल तर दुसऱ्या शाळेची गरज काय? पुढं गाणी मिळू लागली, मग संवाद मिळाले. कथा मात्र एवढ्या लवकर कुणी मागत नव्हतं.

ती मागणी आली १९४७ मध्ये. राजकमलच्या 'लोकशाहीर रामजोशी'ची कथा, पटकथा, संवाद आणि गीतं गदिमांची. सुरुवात बाबूराव पेंटरांनी केली, पुरा केला शांतारामांनी. कीर्तनाच्या घरातला ब्राह्मण तमाशात जातो आणि समाज त्याला बाहेर टाकतो, अशी गोष्ट. कीर्तन आणि तमाशा दोन्ही लहानपणी ऐकलेल्या लेखकाशिवाय ती जमली नसती. चित्रपट तुफान चालला. त्यानंतर मराठीत तमाशापटांची रांगच लागली, त्यातले कितीतरी नुसती नक्कल होते ते सोडा.

मग राजा परांजपे दिग्दर्शक, सुधीर फडके संगीतकार आणि गदिमा लेखक, असं त्रिकूट जमलं. 'लाखाची गोष्ट', 'पेडगावचे शहाणे', 'ऊन पाऊस', 'जगाच्या पाठीवर' असे एकेक चित्रपट आले. यातला 'ऊन पाऊस' आजही म्हातारा-म्हातारीसोबत बसून बघावा. पोरांनी आई-बापाची वाटणी केल्याची ती गोष्ट १९५४ ची आहे, पण गावोगाव अजून घडतेच आहे.

गदिमा लिहायचे झपाट्याने, पण कागदावर हात शेवटी जायचा. आधी गोष्ट डोक्यात घोळायची, मित्रांना सांगून व्हायची. सांगताना ऐकणारा कुठं हसला, कुठं चुळबुळला, ते बघायचं. गावाकडं गोष्ट सांगणारे असंच करतात. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं तेव्हा आठवड्याला एक गाणं, अशी छप्पन्न गाणी त्यांनी दिली. पहिलंच गाणं ऐनवेळी गहाळ झालं आणि त्यांना खोलीत बसवून पुन्हा लिहून घेतलं, असं सांगतात. त्याच काळात सिनेमाचंही लिखाण चालू होतं. पुण्याच्या गर्दीत काम होईना की ते माडगुळ्याला यायचे. रानात पत्र्याचं छप्पर होतं, लोक त्याला 'बामणाचा पत्रा' म्हणत. तिथं बसून लिहायचे. धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकरही तिथलेच.

आता स्वतंत्रपूर. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी वेगळ्या विचाराचे. त्यांच्याकडे मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर आला होता, गांधीजींना मानणारा. त्याने कल्पना मांडली की कैद्यांना कोठडीत डांबण्याऐवजी जमीन द्या, बायका-पोरांसह राहू द्या, राबून खाऊ द्या. राजेसाहेबांनी होकार दिला. १९३९ च्या सुमारास माळरानावर वसाहत उभी राहिली. भिंत नाही, गज नाहीत. आपल्या दुष्काळी भागात पाणी नसताना शेती करायची हीच खरी शिक्षा, असं कुणी चेष्टेनं म्हणेलही. पण माणसं पळून गेली नाहीत, हे गदिमांच्या मनात राहिलं.

खरी घटना आहे तशी लिहिली असती तर सिनेमा झाला नसता. खऱ्या वसाहतीत कैद्याचा संसार असतो. म्हणजे पळायला कारणच कमी. गदिमांनी कैद्यांना जवळपास एकटं केलं. सहा जण, सगळे खुनी, आणि त्यांच्यावर एकच जेलर, बंदूक नसलेला. आता प्रत्येक रात्री प्रश्न उभा राहतो, पळतील का? मग त्यांनी गोष्ट बाजारात नेली. कैदी पिकवलेली भाजी रास्त भावात विकतात आणि व्यापाऱ्याचं पोट दुखतं. शेतमालाचा भाव कोण ठरवतो हे भांडण शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. कैद्यांना मार बसतो, पण हात उचलायचा नाही असा शब्द दिलेला असतो. हाताला खुनाची सवय असलेला माणूस मार खात उभा राहतो, तिथं गोष्टीचा खरा गाभा आहे. शेवटी पीक वाचवताना बैलांच्या धडकेत जेलर मरतो, आणि त्याचे दोन डोळे मात्र कैद्यांवर लक्ष ठेवून राहतात. नाव तिथूनच आलं.

अशा गोष्टीला पैसा लावायचा म्हणजे छातीच पाहिजे. राजवाडा नाही, नाच मोजका, नायक मध्यमवयीन, बाकी सगळे दाढीवाले खुनी. शांतारामांचा आधीचा चित्रपट 'झनक झनक पायल बाजे' रंगीत होता आणि जोरात चालला होता. लोकांना रंग हवा होता. तरी शांतारामांनी ही गोष्ट काळ्या-पांढऱ्यात केली आणि जेलर स्वतः झाले. बैलाशी झुंजीच्या चित्रीकरणात त्यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली, काही काळ दिसेनासं झालं.

१९५७ मध्ये चित्रपट आला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. १९५८ मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं, अमेरिकेतला गोल्डन ग्लोबचा सन्मानही मिळाला. चित्रपट हिंदीत, पण लेखक अस्सल माणदेशी. गौरव मात्र बराचसा दिग्दर्शकाच्या वाट्याला गेला. पडद्यामागच्या लेखकाचं नशीब तेच असतं.

गदिमा थांबले नाहीत. १९५९ च्या 'नवरंग'चं लेखनही त्यांचं, शंभरावर चित्रपटांना त्यांचा हात लागला. १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली, विधान परिषदेतही ते बसले. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं अठ्ठावन्न.

स्वतंत्रपूरची वसाहत आजही आहे. कैदी बायका-मुलांसह राहतात, शेती करतात. चित्रपट मोबाईलवर पाहायला मिळतो. सुरुवातीची नावं पुढं ढकलू नका, लेखकाचं नाव तिथंच येतं.