हेन्री रोलँड : प्रकाशाचे रंग मोजणारा प्राध्यापक

संगणकाच्या पडद्यावर आजकाल हुबेहूब चित्रे दिसतात. तांब्याचा लोटा तांब्याचाच वाटतो. हे साधण्यासाठी पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशातील कोणता रंग किती परत फिरतो आणि कोणत्या दिशेला जातो, हे मोजावे लागते. अमेरिकेतील कुक आणि टॉरन्स यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात तांब्याचे पात्र असेच दाखवले. प्लास्टिकवरची चकाकी दिव्याच्या रंगाची असते. तांब्यावरच्या चकाकीत तांब्याचा रंग उतरतो. हा फरक मोजमापाशिवाय कळत नाही आणि मोजायचे तर आधी प्रकाशाचे रंग वेगळे करायला हवेत. त्या कामाची उत्तम साधने ज्यांनी जगाला दिली, त्या हेन्री ऑगस्टस रोलँड यांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

रोलँड यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८४८ रोजी पेन्सिल्व्हेनियातील होन्सडेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक. मुलानेही तोच मार्ग धरावा अशी घरच्यांची इच्छा होती, पण मुलाला लॅटिन आणि ग्रीक भाषांचा मनापासून कंटाळा! शेवटी १८६५ साली त्याला हडसन नदीकाठच्या ट्रॉय शहरातील रेन्सेलर संस्थेत धाडण्यात आले. तेथे ते १८७० साली स्थापत्य अभियंता झाले आणि १८७२ साली तेथेच शिकवू लागले.

शिकवता शिकवता त्यांनी लोखंड, पोलाद आणि निकेल यांच्या चुंबकत्वावर प्रयोग केले. त्यावरचा लेख अमेरिकन नियतकालिकाने परत पाठवला. एकदा नव्हे, अनेकदा. तेव्हा या तरुण शिक्षकाने तो थेट इंग्लंडला मॅक्सवेल यांच्याकडे पाठवला. मॅक्सवेल यांनी त्याचे मोल ओळखले आणि १८७३ साली तो लंडनमध्ये छापून आणला. दोन वर्षांत बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने रोलँड यांना बोलावून घेतले.

तेथे त्यांनी धातूवर रेषा कोरणारे यंत्र बनवले. खरी करामत त्याच्या स्क्रूमध्ये होती. तो अत्यंत अचूक असल्यामुळे इंचभर जागेत १४,००० हून अधिक समान अंतराच्या रेषा हिऱ्याच्या टोकाने ओढता येत. उष्णतेने धातू जरासा फुगला तरी काम बिघडे, म्हणून यंत्र तळघरात ठेवले होते. सीडीवर जसे इंद्रधनुष्य दिसते, तसे या रेषांवर पडलेल्या प्रकाशाचे रंग फाकतात. १८८२ साली त्यांनी अंतर्गोल आरशावरच रेषा कोरल्या. मग भिंगाची गरजच उरली नाही. या पट्ट्या जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या. १८९६ साली हॉलंडमध्ये झीमन यांनी आपला प्रसिद्ध शोध लावला तोही रोलँड यांची पट्टी वापरूनच. स्वतः रोलँड यांनी सूर्यप्रकाशातील सुमारे २०,००० काळ्या रेषांचे कोष्टक तयार केले.

१८९० साली त्यांचा विवाह झाला. त्याच सुमारास आपल्याला मधुमेह असल्याचे त्यांना समजले. आमच्या बेटावर या रोगाची ओळख नाही असे घर विरळाच. त्या काळी मात्र इन्सुलिन नव्हते. ते १९२१ साली सापडले. आपल्या पश्चात पत्नी आणि तीन मुलांची सोय व्हावी म्हणून शुद्ध विज्ञानाचा कैवार घेणारे हे प्राध्यापक, एकाच तारेवरून अनेक संदेश पाठवणाऱ्या तारयंत्राच्या मागे लागले. आम्हाला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही.

१६ एप्रिल १९०१ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा प्रयोगशाळेच्या तळघरातील भिंतीत, त्या रेषायंत्राजवळ ठेवण्यात आली.