कोटितीर्थाचा रंगयोगी

परभणीसारख्या जिल्ह्यात घनदाट अरण्ये जवळपास नाहीतच. गोदावरी वा पूर्णेच्या काठची झाडी हेच येथील वन. मात्र पाण्याकाठच्या चार झाडांतही चित्रकाराला आयुष्यभर पुरेल एवढे निसर्गवैभव असते, हे आबालाल रहिमान यांनी महाराष्ट्राला दाखवून दिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापुरातील एका मुस्लिम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी कलाशिक्षण घेतले. तेथे व्हॉइसरॉय पदकाचा मान त्यांना १८८८ मध्ये मिळाला. मुंबईत राहून नावलौकिक व पैसा मिळविणे त्यांना अवघड नव्हते. तरीही ते कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांचे गुण हेरून त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला.

दरबारापेक्षा त्यांचे मन रमले ते कोटितीर्थ तलावाच्या परिसरात. रंकाळा आणि पंचगंगेचा काठही त्यांना तितकाच प्रिय होता. तेच पाणी, तीच झाडे. पण प्रहर बदलला की चित्र बदलत असे. १८७४ मध्ये पॅरिसमध्ये मोने, पिसारो आदींनी पहिले प्रदर्शन भरविले आणि दृक्प्रत्ययवादाचा उदय झाला. त्या युरोपात आबालाल कधी शिकावयास गेले नव्हते. केवळ डोळ्यांनी टिपलेला प्रकाश रंगाच्या तुटक फटकाऱ्यांतून मांडताना ते त्याच वाटेने गेले, हे कलासमीक्षकांना आजही विस्मयकारक वाटते.

१९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले. आश्रयदाता गेल्याच्या दुःखात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. ज्या पाण्याने चित्रे दिली, त्यालाच ती परत गेली. अविवाहित आणि विरक्त वृत्तीच्या या कलावंताने १९३१ मध्ये जगाचा निरोप घेतला.

त्यांची मोजकीच चित्रे आज शिल्लक आहेत. त्यांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात आहेत. कोल्हापूरच्या कलापरंपरेने त्यांना आद्य गुरूचे स्थान दिले. उर्वरित महाराष्ट्राला मात्र त्यांचे नाव फारसे ठाऊक नाही. पाण्यात गेलेली चित्रे परत येणार नाहीत. उरलेली जपणे आणि पुढच्या पिढीला दाखविणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.