किती पैसे लावायचे, हे सांगणारा माणूस : जॉन केली

महाभारतातला द्यूताचा प्रसंग आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. धर्मराज हरत जातो आणि प्रत्येक हरलेल्या डावानंतर आणखी मोठं काहीतरी पणाला लावतो. राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी. गोष्ट ऐकताना प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो. हा माणूस थांबत का नाही?

जुगारात कधी थांबायचं आणि किती लावायचं, याचं नेमकं गणित मांडलं गेलं ते १९५६ साली. मांडणारा जुगारी नव्हता. तो टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारा शास्त्रज्ञ होता. नाव जॉन लॅरी केली.

केलीचा जन्म २६ डिसेंबर १९२३ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, कॉर्सिकाना या गावी झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो नौदलाच्या हवाई दलात वैमानिक होता. चार वर्षांची नोकरी करून परतला आणि टेक्सास विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकला. १९५३ साली त्याला पीएचडी मिळाली आणि त्याच सुमारास तो बेल लॅब्ज या प्रसिद्ध प्रयोगशाळेत रुजू झाला.

बेल लॅब्ज म्हणजे त्या काळची शास्त्रज्ञांची पंढरीच. ट्रान्झिस्टर तिथेच जन्माला आला. माहितीचं मोजमाप कसं करायचं हे जगाला शिकवणारा क्लॉड शॅनन तिथेच काम करत होता. अशा मंडळींत केली उठून दिसायचा. बोलणं टेक्सासच्या ढंगाचं, बंदुका जमवण्याचा नाद आणि ओठांत कायम सिगारेट.

त्या दिवसांत अमेरिकेत टीव्हीवर ६४,००० डॉलरच्या बक्षिसाची एक प्रश्नमंजुषा गाजत होती. कोण जिंकणार यावर लोक पैजाही लावत. कार्यक्रम पूर्व किनाऱ्यावर थेट दिसायचा, पण पश्चिम किनाऱ्यावर तीन तास उशिरा. मग पूर्वेकडच्या मित्राने फोनवर निकाल सांगितला, तर पश्चिमेकडचा माणूस आरामात पैज जिंकणार. केलीच्या डोक्यातलं चक्र इथूनच फिरायला लागलं, असं सांगतात.

निकाल पक्का कळला तर सगळे पैसे लावावेत, हे उघड आहे. पण फोनच्या तारेत खरखर असेल आणि ऐकलेली बातमी दहापैकी सहा वेळाच खरी निघत असेल, तर? फायदा तुमच्या बाजूला आहे, पण खात्री नाही. अशा वेळी गाठीच्या पैशांपैकी किती लावायचे?

केलीचं उत्तर अगदी सोपं निघालं. पैज बरोबरीची असेल, म्हणजे जिंकल्यावर लावले तेवढेच मिळत असतील, तर जिंकण्याच्या शक्यतेतून हरण्याची शक्यता वजा करा. उरेल तेवढा हिस्सा लावा. ६० मधून ४० गेले, उरले २०. म्हणजे दर वेळी हातातल्या पैशांच्या २० टक्के.

एक हिशोब करून पाहू. तुमच्याकडे १०० रुपये आहेत. १०० पैजा झाल्या. त्यांत ६० जिंकल्या, ४० हरल्या.

दर वेळी सगळेच पैसे लावले, तर पहिल्याच हरलेल्या पैजेला हातात शून्य.

दर वेळी २० टक्के लावले, तर शेवटी सुमारे ७४९ रुपये.

दर वेळी १० टक्के लावले, तर सुमारे ४५० रुपये.

आणि दर वेळी ४० टक्के लावले, तर? शेवटी उरतात सुमारे ७८ रुपये. म्हणजे शंभरातल्या ६० पैजा जिंकूनही माणूस तोट्यात!

केलीच्या शोधाचं मर्म इथे आहे. फायदा तुमच्या बाजूला असूनही, हाव केली तर तुम्ही बुडू शकता. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. केलीने ते अंथरूण किती लांब आहे, तेच मोजून दाखवलं.

हा लेख बेल लॅब्जच्या तांत्रिक नियतकालिकात जुलै १९५६ मध्ये छापून आला. शीर्षक मात्र माहितीच्या दराबद्दलचं आणि एकदम रुक्ष. टेलिफोन कंपनीच्या वरिष्ठांना शीर्षकात जुगार नको होता, असं सांगितलं जातं. पुढची काही वर्षं तो लेख मोजक्या अभ्यासकांपुरताच राहिला.

तो जुगाराच्या टेबलापर्यंत नेला एडवर्ड थॉर्प या तरुण गणितज्ञाने. एमआयटीत शिकवत असताना थॉर्पने आयबीएम ७०४ या संगणकावर ब्लॅकजॅकचा हिशोब केला होता. या खेळात पत्त्यांची बेरीज २१ च्या वर जाऊ न देता डीलरच्या पुढे राहायचं असतं. वाटून झालेले पत्ते पुन्हा पिसेपर्यंत खेळात येत नाहीत. त्यामुळे दुर्री ते छक्की असे लहान पत्ते जास्त निघून गेले, की मागे दश्शी, चित्रं आणि एक्के जास्त उरतात. हे खेळाडूच्या फायद्याचं असतं. एक्का आणि दहाच्या जोडीला लावलेल्या पैशांच्या दीडपट मिळतात, आणि सोळापर्यंत पत्ता घ्यावाच लागणारा डीलर जास्त वेळा २१ च्या पुढे जातो. गेलेले पत्ते लक्षात ठेवून हा फायदा ओळखणं, म्हणजेच पत्ते मोजणं.

पण फायदा कधी आहे हे कळलं तरी किती लावायचे, हे कुठे कळतं? थॉर्पला केलीचा लेख वाचायला सुचवला तो शॅननने. शॅनन तोवर एमआयटीत आला होता.

१९६१ च्या वसंतात थॉर्प रेनो शहरातल्या कसिनोंमध्ये उतरला. दोन श्रीमंत जुगारी त्याला एक लाख डॉलर द्यायला तयार होते. त्याने दहा हजारच घेतले. पैजा केलीच्या हिशोबाने बेतल्या आणि सुमारे अकरा हजार डॉलर जिंकून तो परतला. १९६२ साली त्याचं पुस्तक आलं आणि पत्ते मोजण्याचं वेड अमेरिकेत पसरलं.

ज्यांच्या खिशात दहा हजार डॉलर नव्हते, अशा अनेकांनी ते पुस्तक वाचलं. त्यांच्यासाठी केलीचं गणित जरा कडू होतं. पत्ते मोजून मिळणारा फायदा जेमतेम एखाद्या टक्क्याचा, तोही काही डावांपुरता. म्हणजे चांगल्या डावातही गाठीच्या पैशांपैकी साधारण एक टक्काच लावायचा. खिशात २०० डॉलर असतील, तर पैज २ डॉलरची. आणि टेबलावरची किमान पैज १० डॉलरची असेल, तर? मग तुम्ही केलीच्या पाचपट लावताय. केलीच्या दुपटीपुढे गेलं की फायदा बाजूला असूनही पैसा कालांतराने घटतच जातो. शिवाय वाईट डावांतही किमान पैज भरावी लागते, ती वेगळीच. पत्ते अचूक मोजणारा माणूसही असा रिकाम्या हाताने घरी जातो.

भांडवल पुरेसं असलं तरी ही वाट खाचखळग्यांची आहे. केलीने सांगितलं तेवढंच लावलं, तरी कधी ना कधी भांडवल निम्म्यावर येण्याची शक्यता सुमारे निम्मी असते. म्हणून जाणकार खेळाडू त्याच्या निम्मंच लावतात. वाढीचा वेग तीन चतुर्थांश राहतो आणि निम्म्यावर येण्याची शक्यता आठात एक इतकी उतरते.

हे सगळं चालू असताना केली काय करत होता? तो दुसऱ्याच कामात बुडाला होता. १९६१ च्या सुमारास त्याने कॅरोल लॉकबॉम या सहकारी महिलेसोबत आयबीएम ७०४ संगणकाला चक्क गाणं म्हणायला लावलं. गाणं होतं डेझी बेल. लेखक आर्थर सी. क्लार्क यांनी तो प्रयोग ऐकला होता. पुढे १९६८ च्या २००१ : अ स्पेस ओडिसी या चित्रपटात बंद पडणारा हाल हा संगणक तेच गाणं म्हणतो. फोनवर आपलाच आवाज परत ऐकू येऊ नये, यासाठीही केलीने बेन लोगनसोबत मोलाचं काम केलं.

स्वतःच्या सूत्रावर त्याने पैसा कमावल्याची नोंद नाही. तेवढा वेळही त्याला मिळाला नाही. १८ मार्च १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात रस्त्याने चालताना त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि तो गेला. वय अवघं ४१.

कसिनोंनी पुढे पत्त्यांचे जास्त कॅट एकत्र वापरायला आणि लवकर पिसायला सुरुवात केली. पत्ते मोजणं अवघड झालं. केलीचं सूत्र मात्र टिकलं. आज शेअर बाजारात मोठी गुंतवणूक करणारेही ते वापरतात.

या सूत्राचं एक उत्तर मात्र लोक सोयीस्करपणे विसरतात. शक्यता ५० विरुद्ध ५० असेल, किंवा त्याहून वाईट असेल, तर वजाबाकीत काहीच उरत नाही. अशा वेळी केलीचा हिशोब सांगतो, शून्य रुपये लावा. शकुनीच्या फाशांसमोर बसलेल्या धर्मराजालाही त्याने हेच सांगितलं असतं.