कुंडीतला वाटाणा

दादासाहेब फाळके म्हटलं की ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. पण त्याआधी त्यांनी एक छोटीशी फिल्म केली होती. तिचा नायक होता चक्क वाटाणा!

धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई सगळं करून झालं. भागीदारांशी पटेना म्हणून छापखानाही सोडला. पदरात मुलं, हाती पैसा नाही. अशात १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि या गृहस्थांना त्याचंच वेड लागलं. डोळ्यांवर इतका ताण दिला की काही काळ दिसेनासं झालं. बरे होताच विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला.

पण भांडवल कोण देणार? हलती चित्रं इथे बनतात हे आधी पटवायला हवं. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर मात्र अंकुर फुटून वेल झरझर वर चढली! नाव ‘अंकुराची वाढ’. ना कथा, ना नट. आपण घरी मटकीला मोड आणतो, पण मोड येताना कुणी पाहिलाय का? टीव्हीवर फूल उमलताना दाखवतात ते याच युक्तीने. माहितीपटातला आपल्याकडचा हा फार लवकरचा प्रयोग. मला तर हरिश्चंद्रापेक्षा याचंच कौतुक जास्त.

फिल्म पाहून कर्ज मिळालं, तारण मात्र सरस्वतीबाईंचे दागिने. दागिना गहाण टाकणं म्हणजे काय, हे आमच्या बचत गटातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची. अंधारात बसून ती पाडायला, फिल्म धुवायला त्या शिकल्या. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक होताच! ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत कोरोनेशन थिएटरला लागला.

वाटाण्याची हौस तिथेच संपली नाही. १९१७ मध्ये त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा माहितीपट काढला. दादासाहेब १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला गेले. त्या माहितीपटाचा थोडा भाग टिकून आहे, त्यात ते स्वतः काम करताना दिसतात.